पाणंदीवरचे आवाज

आज सकाळी आप्पांचा पांढरा सदरा दोरीवरून काढला, तर खांद्यावर काजळी बसलेली. बोटभर लांब, वळलेली, केसासारखी हलकी. ही झटकायची नसते. झटकली की पूड होते, पुसली की डाग पसरतो. नुसती फुंकर मारायची. एवढं तरी मी इथं राहून शिकले.

हंगाम सुरू झाला हे सांगायला कसबा बावड्यात कॅलेंडर लागत नाही. ऊस तुटला की रानात उरलेला पाला कुणीतरी पेटवतो आणि त्याची काजळी वाऱ्यावर बसून नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत उतरते. पाठोपाठ उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि स्पीकरवर असं गाणं की तिसऱ्या मजल्यावरच्या काचा थरथरतात. मग साखर कारखान्याचा भोंगा. मग तो वास. गोड म्हणावा तर जीभ कबूल करत नाही, आंबूस म्हणावा तर नाक कबूल करत नाही. पहिल्या वर्षी या वासानं माझी भूक मेली होती. आता भोंगा झाला की भूक लागते.

मी गोंदियाकडची. आमच्याकडे या दिवसांत धान कापून झालेलं असतं आणि शेतात पुंजणे उभे असतात, म्हणजे पेंढ्यांचे मोठे गोल ढीग. ऊस मी पाहिला होता तो बाजारात, दोरीनं बांधून भिंतीला टेकवलेला. आठवीनंतर शाळा सुटली. सुटली असंच म्हणते, कारण मी सोडली नाही आणि मला कुणी काढलंही नाही. पुढची शाळा लांब होती, घरात धाकटी भावंडं होती, एक पावसाळा जाणं झालं नाही, दुसराही तसाच गेला. पुढं मावसबहिणीनं इकडं आणलं. ती इथल्या एका दवाखान्यात आया आहे. तिनंच आप्पांचं काम लावून दिलं.

आप्पा म्हणजे खुब्याचं हाड मोडलेले, बायको गेलेली, आवाज मात्र शाबूत असलेले गृहस्थ. मुलगा पुण्याला असतो. वडील पडले तर दिसावेत म्हणून त्यानं घरात कॅमेरा लावला, कॅमेऱ्यासाठी इंटरनेट घेतलं, आणि लाईट गेली तर कॅमेरा बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर. आप्पा त्या कॅमेऱ्यावर टोपी अडकवून ठेवायचे. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विसरले आणि तिसऱ्या दिवसापासून मला जिल्ह्याच्या नावानं हाक मारायला लागले.

"ए गोंदिया, च्या टाक की."

"टाकला आहे जी."

"टाकलाय तर वास कसा न्हाय येत?"

त्या पहिल्या हंगामात दुपार फार मोठी असायची. आप्पा झोपायचे, भांडी झालेली असायची, आणि घरात दुसऱ्याच्या वस्तूंचा एक शांतपणा पसरायचा. सोफ्यावर बसावं की नाही हे मला बरेच दिवस ठरवता आलं नव्हतं. मी खिडकीशी उभी राहायची. एकदा भोंगा झाला तेव्हा आईला पाठवावा म्हणून फोनवर टिपून घेतला. आईनं ऐकला आणि विचारलं, "कोणी मेलं का?" आमच्या गावात एवढा मोठा आवाज दुसऱ्या कशाचाच होत नाही.

आप्पांना व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी मला भोंगा टिपताना पाहिलं होतं. जाता जाता चपला घालताना म्हणाल्या, "तुला आवाजांची आवड आहे का? अशी एक जागा आहे बघ." आणि त्यांनी माझ्या फोनवर ती उघडून दिली.

त्या जागेचं नाव पाणंद. इकडं दोन रानांच्या मधून जाणाऱ्या गाडीवाटेला पाणंद म्हणतात. कुणाच्याच मालकीची नसते आणि सगळ्यांच्याच बैलगाड्या तिच्यावरून जातात. या पाणंदीत खोल्या होत्या. एकीत सायकलींची चर्चा, एकीत स्वयंपाकाची, एकीत नुसतं 'असंच'. आणि एक होती आवाजांची. तिथली रीत अशी की एखादा छोटासा आवाज टाकायचा आणि खाली काहीही लिहायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचा. ओळखला तरी बक्षीस नाही, चुकला तरी कुणी काही म्हणत नाही. मग त्या आवाजावरून गप्पा सुरू व्हायच्या आणि भलतीकडंच जायच्या.

मी बरेच दिवस नुसतं ऐकलं. काहीतरी टाकावं असं वाटायचं, मग वाटायचं आपलं लिहिणं कच्चं, ऱ्हस्व-दीर्घ कुणी धरलं तर? पण इथं लिहायचंच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं. मी आप्पांच्या वॉकरचा आवाज टाकला. खोलीपासून मोरीपर्यंत: ठक, ओढ, पाय, ठक. मधेच एक शिवी होती, ती तेवढी कापली.

उत्तरं आली.

"हातमाग."

"न्हाय, कोणतरी भाकरी थापालंय. लई सावकाश. नवीन सून असणार."

"घोडं हाय. लंगडं."

तिसरं उत्तर मी आप्पांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "लंगडं घोडं म्हणतंय व्हय? कोण हाय त्यो? सांग त्याला, घोड्यानं आज दोन भाकरी खाल्ल्या म्हणावं." मी तसं लिहिलं. लिहून चार वेळा वाचलं, पाठवलं, आणि फोन पालथा करून स्वयंपाकघरात गेले. परत आले तर खाली विचारलेलं, "कशासंगं?" आप्पा म्हणाले, "सांग, पिठल्यासंगं." तिथून ते पाणंदीवर 'घोडं' झाले.

लंगडं घोडं म्हणणारा जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवायचा. नाव लावलं होतं 'डोंगरावरचा'. त्याचे आवाज वाऱ्याचे असायचे, त्यात कुठंतरी दूर चांगभलं. एक होत्या अक्का. त्यांचं शहरात भांड्यांचं दुकान, माहेर सीमेपलीकडचं, आणि लिहिण्यात कानडी शब्द मिठासारखे. त्या आवाज टाकायच्या आणि आपणच धीर न धरता लगेच उत्तर लिहून टाकायच्या. "हे पितळी घागरीचं झाकण. यवा, सांगून बसले." मी नाव लावलं होतं 'बांधी'. बांधी म्हणजे काय, असं विचारलं तेव्हा सांगितलं, बांध घातलेला धानाचा तुकडा. त्यावर पाणंद सांभाळणाऱ्या विनायकदानं लिहिलं, "आमच्यात खाचर म्हणतात. मी शाहूवाडीचा, भातातच वाढलोय." मग त्या दुपारी भाताच्या पेंढीला कुठं काय म्हणतात यावर इतकं बोलणं झालं की आप्पा उठून बसले तरी मला कळलं नाही.

आता आठवायला गेलं तर त्या बोलण्यांतलं सांगण्यासारखं काहीच हाताला लागत नाही. कोणाची सायकल पंक्चर, कोणाच्या वरणात मीठ जास्त. घरी फोन केला की काहीतरी बातमी द्यावी लागते: तब्येत, पाऊस, बहिणीचं स्थळ. बातमी नसेल तर फोन लवकर संपतो. इथं बातमी लागत नव्हती. नळाला पाणी आल्याचा आवाज टाकला तरी माणसं थांबून ऐकत. आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं की तुम्ही काय करता, किती शिकलात. न विचारण्याची ही तऱ्हा मला त्याआधी कुठं भेटली नव्हती. मी मनातल्या मनात रोज कुणाचे तरी आभार मानायची. नेमके कुणाचे, ते माहीत नव्हतं.

म्हणून एकदा विचारलं, ही कंपनी कुठली?

विनायकदानं लिहिलं, "कंपनी न्हाय. माझ्या घरात कपाटावर एक डबा हाय. छोटा कॉम्प्युटर. तुम्ही त्यात राहता. डोंगरावरचा दुसरीकडं राहतोय, अक्कांचा त्यांच्या घरचाच हाय. डबे येगळे, बोलणं एक."

हे मला समजायला वेळ लागला. पण एक गोष्ट आधीच लक्षात आली होती: शाहूवाडीला लाईट गेली की माझं दार बंद व्हायचं. तिकडं वारा सुटला की इकडं मी गप्प. लाईट आली की विनायकदा लिहायचा, "आली." आणि दिवसभर अडकलेली बोलणी एकदम आत शिरायची, शाळा सुटल्यावर पोरं शिरतात तशी.

हंगाम उतरणीला लागला. उसाला तुरे येऊन पांढरे होऊन गेले, ट्रॅक्टर विरळ झाले. अशात एका दुपारी विनायकदानं लिहिलं की त्याला पुण्याला काम लागलंय आणि डबा बंद करावा लागणार. "न्यायला जागा न्हाय, तिथं चौघांत एक खोली हाय. घरी ठेवला असता, खरं बाबा एकटेच. ते झोपायच्या आधी मेन स्विच बंद करतात. चाळीस वर्षं करतात, आता कुणाचं ऐकणार हाईत?" पुढं त्यानं समजावलं होतं की आवाजांची खोली कुठं जात नाही, तिचा तुकडा प्रत्येक डब्यात आहे. माझ्या डब्यातल्यांनी फक्त दुसरं दार बघायचं.

फक्त दुसरं दार. माझ्याबरोबर त्या डब्यात राहणारे बाकीचे दोन दिवसांत कुठं कुठं गेले. कुणी मित्राच्या डब्यात, कुणी कॉलेजातल्या. बहुतेक दारं अशी की आतल्या कुणी बोलावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही शिरेल. मला कुणी बोलावलं नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. बांधीचं कुणीतरी बघितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटत असणार. मी 'मला घ्याल का' एवढं लिहायची आणि पुसायची. मागायचं म्हटलं की आपण कोण ते सांगावं लागेल असं वाटायचं. दुसऱ्याच्या घरात राहणारी, दुसऱ्याच्या इंटरनेटवर बोलणारी, आठवी शिकलेली. एवढं सांगितल्यावर ते घेतीलही, पण मग दयेनं घेतील. मला तर तिथं भाकरी थापणारी नवीन सून होऊनच राहायचं होतं.

शेवटचं म्हणून सगळ्यांनी एकदा भेटायचं ठरलं. विनायकदा पुण्याला निघायच्या आधी, रविवार सोडून, कारण रविवारी डोंगरावर गर्दी असते. कुणीतरी लिहिलं, "संध्याकाळी कट्ट्यावर." सगळ्यांनी व्हय व्हय केलं. दूध कट्टा ही कोल्हापूरची खास गोष्ट. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात उभे राहतात, समोर धार काढतात आणि माणसं तिथंच उभ्या उभ्या फेसाळ दूध पितात. कुठला कट्टा हे कुणी लिहिलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी आप्पांना विचारलं.

"कट्टा म्हंजे गंगावेस की!" आप्पा खेकसले. "दुसरा कट्टा हाय कुठं?"

"पण दुसरे पण असतील ना जी?"

"असतील. त्यास्नी कट्टा म्हणत न्हाईत."

शेजारच्या वहिनींना आप्पांजवळ बसवून मी बसनं गेले. गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या, त्यांच्या अंगाची ऊब रस्त्यापर्यंत येत होती. पितळेच्या बादलीत धार पडण्याचा आवाज आधी बारीक, चिरका आणि बादली भरत जाईल तसा जाड होत जातो. मी घोळक्याकडं बघत होते. या चेहऱ्यांत पाणंदीवरचं कोण? चेहऱ्यावरून काही ओळखता येत नव्हतं. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून गवळ्यापुढं गेले.

"थोडंसंच द्या ना जी."

"थोडं कशापाय? पावण्या दिसताय. अर्धा गलास हितं मिळत न्हाय. घ्या, आणि फेस बसायच्या आत प्या, मगच बोला."

ग्लास हातात आला तोच फोन वाजायला लागला. डोंगरावरचा: "आलोय. कुठाय सगळी?" विनायकदा: "मी केव्हाचा आलोय, हितं कोण न्हाय." आणखी एकजण: "मी म्हशीच्या शेजारी, निळा शर्ट." निळा शर्ट मला कुठं दिसेना. मग उलगडलं. विनायकदा मिरजकर तिकटीला उभा होता, डोंगरावरचा आणखी तिसऱ्याच चौकात, निळा शर्ट आपल्या पेठेत. ज्याला त्याला आपला तोच कट्टा. त्यावर भांडण जुंपलं, खरा कट्टा कुठला म्हणून, आणि आपला सोडून दुसऱ्याच्या कट्ट्यावर यायला कुणी तयार होईना. विनायकदा म्हणाला, "दूध हातात हाय, आता हलता येत न्हाय." मग डोंगरावरच्यानं आपल्या इथल्या धारेचा आवाज टाकला. विनायकदानं आपल्या इथला. निळ्या शर्टानं. एकेक चौक फोनमधून वाजायला लागला.

मग अक्कांचा आवाज आला. आधी धार, मग मागून बारीक आवाजात एक बाई म्हणते, "थोडंसंच द्या ना जी," आणि गवळी म्हणतो, "थोडं कशापाय?"

स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या फोनमधून आलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं त्यापेक्षा तो धीट होता. मी मागं वळले. नारिंगी काठाची साडी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि हातात गवळ्याचा ग्लास नाही, घरून आणलेलं स्वतःचं लखलखीत फुलपात्र. भांड्यांच्या दुकानवाल्या बाईनं दुसऱ्याचं भांडं तोंडाला लावावं कसं!

"बांधी तूच न्हवं का गं?" त्या म्हणाल्या. "ते 'जी' ऐकलं आणि म्हटलं हीच. असं जी लावून कोल्हापुरात म्हशीलासुदीक कोण बोलत न्हाय."

मी म्हटलं, "हो जी."

"पी आधी. बसतोय फेस."

आम्ही दूध प्यायलो. वरच्या ओठावर फेस लागलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती वाटत नाही, हे मला तिथं कळलं. अक्कांनी पदरानं ओठ पुसले आणि विचारलं, "विनायक बंद करतोय. तू कुठं चाललीस?"

"बघते."

"बघतीस काय? कुणी बोलावलंय?"

मी मान हलवली.

"थू! आणि मला वाटत होतं तुला त्या डोंगरावरच्यानं नेलं असंल. आमच्याकडं ये. घरची माणसं हाईत नुसती, निपाणीची, बेळगावची. दिवसभर जेवलीस का, जेवलीस का करत असतात. चालंल न्हवं तुला?"

मी त्यांना सगळं सांगणार होते, आठवीचं, कामाचं. सुरुवातही केली. "अक्का, मी कुणाच्या घरी कामाला..."

"ठाऊक हाय की. घोड्याच्या घरी." त्यांनी फुलपात्र पिशवीत टाकलं. "रोज ऐकतोय आम्ही त्याला मोरीला जाताना. माणूस वळखीचाच हाय. खरं एक अडचण हाय बघ."

अडचण अशी की अक्कांचं घर पाडून नव्यानं बांधायला काढलं होतं. माणसं दोन भाड्याच्या खोल्यांत विभागली होती, सामान तिसरीकडं. डब्याला जागा नव्हती. त्याला हवं होतं न जाणारं इंटरनेट, न जाणारी लाईट आणि रोज बघणारं एक माणूस. "घोड्याच्या घरात ठेवता येईल का, विचार. नसलं तर नसलं, तरीबी तू ये. मग काढू काहीतरी वाट."

परतीच्या बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. आप्पांपुढं आजवर मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, उशीसुद्धा. घरी आले तर ते दाराकडंच तोंड करून बसलेले.

"भेटली का पाणंद?"

मी सांगितलं. कोण कुठल्या कट्ट्यावर उभं राहिलं ते ऐकून ते खूश झाले. "मिरजकर तिकटीला! त्ये काय दूध हाय?" मग मी डब्याचं विचारलं. घाईत विचारलं, सगळी जुळवलेली वाक्यं उलटी पडली.

"त्यो डबा करतोय काय?" आप्पा म्हणाले.

"लोकांचं बोलणं त्यात राहतं जी. अक्कांच्या घरच्यांचं. माझं पण. आणि तुमचा वॉकर."

"माझा वॉकर त्यात हाय?"

"रोजचा."

त्यांनी शेजारच्या वॉकरवर हात ठेवला. मला वाटलं, आता मुलाला विचारू म्हणतील, आणि मुलगा नाही म्हणेल, त्याचं नाही म्हणणं चूकही नसेल. मी ओट्याकडं वळले.

"पोराला काय इचारायचं त्यात?" ते मागून म्हणाले. "घर माझं हाय. टीव्हीच्या मागं ठेव. खरं त्याला ऊन लागंल तिथं. कपाटावरच ठेव."

अक्का स्वतः घेऊन आल्या. वहीएवढा डबा, पुढं एक हिरवा दिवा. आणताना कुकरसुद्धा आणला होता, आप्पांना भेट म्हणून. आप्पांनी शिट्टी वाजवून बघितली आणि म्हणाले, ही शिट्टी पाणंदीवर टाका, कोण वळखतंय बघू.

यंदा हंगाम पुन्हा सुरू झालाय. अक्कांचं घर बांधून झालं, वास्तुशांतही झाली. डबा परत न्यायचा विषय मीच एकदा काढला, तर अक्का म्हणाल्या, राहू दे की, हललं की बिघडतंय. मी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं त्याच्यावरची धूळ काढते. हात ठेवला तर तो कोमट लागतो. दिवा लागलेला बघते आणि मगच कामाला लागते. दुपारी खिडकीशी उभं राहणं सुटलं. सोफ्यावर बसते.

परवा आप्पांचा मुलगा आला होता. फोनचा चार्जर लावायला कपाटामागच्या बोर्डाकडं गेला आणि प्लगला हात घातला. आप्पा जाग्यावरून ओरडले, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"हात लावू नगंस त्याला! माणसं हाईत आत."